दहा नंबरचा गुडघा

डॉक्टरांनी मला टेबलावर उताणं झोपवलं आणि माझ्या उजव्या गुडघ्याखालून आपली मूठ आरपार नेली. कुठं अडली नाही.

"आजी, हा पाय टेबलाला टेकतच नाही. किती वर्षं झाली?"

"सहा-सात झाली असतील."

"झोपताना गुडघ्याखाली काही घेता का?"

"घेते की. गोधडीची वळकटी. त्याबिगर डोळाच लागत न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं आणि माझ्या मुलाकडं, अविराजकडं, आळीपाळीनं बघत बोलले. "ही वळकटीच पाय वाकडा ठेवते. खाली आधार दिला की बरं वाटतं, पण गुडघ्याची मागची बाजू तशीच आखडून जाते. ऑपरेशननंतर ही सवय बंद. पहिले सहा आठवडे तर गुडघ्याखाली रुमालसुद्धा नको."

अविराजनं मान हलवली. तो फोनमध्ये काहीतरी बघत होता. मीही मान हलवली.

आमच्या गावी, कळसला, आमचा पेरूचा बाग आहे. फळ लिंबाएवढं झालं की त्याला आधी फोमची जाळी घालायची, वरून प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधायचं. एकेका झाडाला शंभर-शंभर फळं. हे सगळं काम उभ्यानं, हात वर करून. वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहिलं की मांडी भरून येते. अर्ध्या तासात मी बांधावर बसायची आणि एकदा बसले की उठवायला माणूस लागायचं. शेवटच्या बहराला तर बायका पिशव्या घालायच्या आणि मी नुसती बघत बसायची. डॉक्टरांनी काय अपेक्षा आहे म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला पळायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही, दिवसभर उभं राहता आलं पाहिजे.

"उभ्या राहाल," ते म्हणाले. "पण त्यासाठी पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. वाकायला थोडा कमी पडला तर चालेल. सरळ व्हायला कमी पडला तर तुमची मांडी पुन्हा भरून येणार."

ऑपरेशन बारामतीला झालं. मला बसवून, पाठ वाकवायला लावून कमरेत सुई दिली. पाय आधी गरम झाले, मग जड झाले, मग आहेत की नाहीत ते कळेना. छातीपुढं हिरवा पडदा लावला. भूल देणाऱ्या निकिता मॅडम माझ्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या.

"आजी, झोपेचं औषध देऊ का थोडं?"

"नको. जागीच ऱ्हाते."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर माझ्याच पायाचं काय चाललंय ते मला नको व्हय कळाय?"

त्या हसल्या आणि नाही दिलं औषध.

करवतीचा आवाज सुताराच्या करवतीसारखा नव्हता. ग्राइंडरसारखा बारीक, चिरका होता. मग हातोडीचे ठोके सुरू झाले. ठोका बसला की माझं डोकं उशीवर हलायचं, पण दुखायचं काही नाही. शेजारच्या घरात खुंटी ठोकावी आणि हादरा आपल्या भिंतीला बसावा, तसं ते होतं. मी मॅडमना विचारलं, "झालं का बसवून?"

"अजून कुठं. आत्ता झिजलेली टोकं कापून झाली. खरा सांधा अजून खोक्यातच आहे. आधी मापाचे तुकडे बसवून बघतात. मांडीच्या हाडाला टोपीसारखा एक, नडगीच्या हाडावर ताटलीसारखा एक आणि दोन्हीच्या मधे एक प्लास्टिकचा. हा मधला जाड-पातळ मिळतो. नऊ मिलिमीटर, दहा, बारा, असा."

"म्हंजे बांगड्या भरताना कासारीण आधी एक चढवून बघती, तसं."

"तसंच. फक्त इथं घट्ट झाली तर साबण लावून भागत नाही."

पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "दहा द्या." काहीतरी खटकन बसलं. आणि पडद्याच्या वर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक पाऊल आलं. ते माझंच आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. डॉक्टरांनी टाच तळहातावर तोलून धरली होती आणि गुडघा मोकळा सोडला होता.

"बघ, सरळ पडत नाही," ते आपल्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले.

"सात-आठ अंश राहतोय, सर."

"मागचे काटे काढू."

तुकडे पुन्हा निघाले. गुडघ्याच्या मागच्या बाजूला हाडाला काटे वाढले होते, ते पायाला अडवत होते, असं मॅडमनी सांगितलं. ते काढले, आखडलेला भाग सैल केला आणि परत दहाचा तुकडा बसवला. परत पाऊल वर आलं.

"आधीपेक्षा बरा. पण अजून नाही. मांडीच्या हाडाचे आणखी दोन मिलिमीटर घेऊ."

"आनखी कापणार?" मी मॅडमना हळूच विचारलं.

"दोनच मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याहून कमी."

करवत परत चालली. परत दहा. या वेळी पाऊल वर आलं तेव्हा डॉक्टर नुसतं बघत राहिले. मग त्यांनी पाय एकदा आतल्या अंगाला आणि एकदा बाहेरच्या अंगाला ढकलून बघितला. "सरळ झाला. बाजूला किंचित हलतोय."

शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "बारा बघूया का, सर?"

"बघ. बघितल्याशिवाय काही म्हणायचं नाही."

बाराचा बसवला. परत पाऊल वर.

"आता बाजूला हलतो का?"

"नाही सर. एकदम घट्ट."

"आणि सरळ?"

त्यानं टाच परत उचलून बघितली.

"बघितलंस ना? जाड तुकडा मधे गेला की पाय सरळ व्हायला जागाच उरत नाही. घट्ट झाला म्हणून तू खूश झालास, आणि यांना आयुष्यभर वाकून उभं राहावं लागेल. काढ तो. दहाच. एवढी ढिलाई सांध्याला लागतेच."

दहाचा परत बसला. मग त्यांनी पाय दुमडला, टाच पार मागं नेली, सोडली, परत दुमडली. "वाटीला कुणी बोट लावू नका," ते म्हणाले. गुडघ्याची वाटी आपली आपण मधोमध सरकते का, तेही बघायचं असतं. ती सरकत होती. तेव्हा कुठं खरा सांधा मागवला. खोकं उघडायच्या आधी एकीनं वरचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि दुसरीनं तो परत म्हणून खात्री केली. उजवा. उजवा. दहा. दहा.

मग सिमेंट कालवलं. त्याचा उग्र वास आला, ठिबकच्या पाइपाला लावायच्या सोल्युशनसारखा. ते वाळेपर्यंत पाय सरळ दाबून धरला होता आणि खोलीत कुणी हलत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी सगळं एकदा परत तपासलं आणि म्हणाले, "शून्य. पूर्ण सरळ." निकिता मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "ऐकलंत ना, आजी?"

ऐकलं होतं. हे सगळं मी एवढं सांगितलं, कारण पुढं घरात जे झालं त्या वेळी हे ऐकलेलं माणूस मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी मोना नावाची व्यायामवाली मुलगी आली. तिनं मला वॉकर धरून चार पावलं चालवलं. झोपवलं तेव्हा टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली, गुडघ्याखाली नाही. टाच वर आणि गुडघा अधांतरी. दोन मिनिटांत मागच्या बाजूला असं ओढायला लागलं की कुणी शिवण उसवतंय. "हेच पाहिजे," मोना म्हणाली. "दर तासाला दहा मिनिटं." तिनं कागदावर सगळं लिहून दिलं.

पाचव्या दिवशी मी घरी आले आणि सहाव्या दिवशी छबूबाई आल्या.

छबूबाई माझ्या मालकांची थोरली बहीण. लोणी भापकरला दिलेली. मालक जाऊन नऊ वर्षं झाली, पण वन्संचा माझ्यावरचा रुबाब काही कमी झाला नव्हता. चाळीस वर्षांत माझ्या हातच्या भाकरीला त्यांनी एकदाही नाव ठेवायचं चुकवलं नाही. त्या येतील असं मला वाटलंच नव्हतं. सून सोनम लोणी देवकरच्या कंपनीत जाते, सकाळी सातला तिची गाडी येते. अविराज बागेत. दिवसभर मला बघायला घरात कुणी नाही हे ऐकून त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीनं आल्या. त्यांनी मला धरून संडासला नेलं, अंग पुसलं, केस विंचरून दिले. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं.

दुपारी त्यांनी माझा पाय बघितला.

"अगं बया, ही काय तऱ्हा? पाय टांगून ठिवलाय अधांतरी! त्या दवाखान्यातल्यांना काय, त्यांची आई हाय का तू?"

"व्यायाम हाय त्यो, वन्सं."

"कसला व्यायाम? तोंड बघ कसं केलंयस ते."

त्यांनी एक मऊ गोधडी चौघडी केली, माझा पाय अलगद उचलला आणि गुडघ्याखाली सरकवली. टाचेखालची गुंडाळी काढून बाजूला टाकली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला ठाऊक होतं. आठवत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तितक्याच मायेनं गोधडी सारली आणि मी तोंड उघडलं नाही. सोनम संध्याकाळी विचारायची, "आई, कागदातलं केलं का ओ?" माझ्या आधी वन्संच म्हणायच्या, "करती गं ती."

पंधराव्या दिवशी टाके काढायला बारामतीला गेलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. टाके सिस्टरनं काढले. मोनानं पाय सरळ करायला लावून माप लावलं. एकदा लावलं, परत एकदा लावलं.

"आजी, पंधरा अंश कमी आहे. टेबलावर शून्य होतं, फाइलमध्ये लिहिलंय. व्यायाम करताय ना?"

"करते," मी म्हटलं.

"गुडघ्याखाली काही घेत नाही ना?"

"न्हाय."

दाराशी अविराज उभा होता. "पंधरा अंश राहिलं तर काय होईल?" त्यानं विचारलं.

"मग त्या कायम वाकून उभ्या राहतील. सोमवारी सरांना दाखवा, चुकवू नका."

आम्ही घरी आलो. जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. छबूबाई कॉटवर लसूण सोलत होत्या. अविराजनं त्यांना सगळं सांगितलं.

"फाइल आण बरं," त्या म्हणाल्या. "कितीचा नंबर घातलाय त्यात?"

फाइलमध्ये सांध्याच्या खोक्यावरची चिठ्ठी चिकटवलेली होती. अविराजनं ती उजेडात धरली. "दहा लिहिलंय, आत्या."

"धा? बघ! आमच्या लोणीच्या कुशाबाईला बाराचा घातलाय. ती देवळापतूर चालत जाती, काठी न्हाय काय न्हाय. हिला धाचा घातला. आखूड पडला, म्हणून पाय वर वढला गेला. चप्पल आखूड झाल्यावर बोटं न्हाय का वळत?"

अविराजला ते पटलं. मलाही दिसलं की त्याला ते पटायलाच हवं होतं. "तरीच! आधी सरळ होता म्हणायचं, मग आईवर ढकलायचं. सोमवारी गावातल्या गेणूतात्यांना घेऊन जातो. आणखी दोघं-चौघं येतील. म्हणावं, माप तुमचं चुकलं, बदलून द्या."

"बदलायचं म्हंजे परत कापायचं ना ओ?" सोनम म्हणाली.

मला करवतीचा आवाज आठवला. आणि चार माणसं घेऊन माझा मुलगा त्या डॉक्टरांपुढं उभा आहे, ज्यांनी माझ्या पायासाठी चार वेळा बसवून चार वेळा काढलं, असं चित्र डोळ्यांपुढं आलं.

"तुकडा बराबर हाय," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" अविराज म्हणाला.

"मी जागी व्हते. बारा नंबर घालून बघितला व्हता त्यांनी. त्यानं पाय घट्ट झाला, पर सरळ होईना. म्हणून काढला. जाड घातला की पाय जास्त वाकतो, कमी न्हाय. मग परत धा घातला आन् सरळ झाला. माझ्या कानानं ऐकलंय."

"सरळ झाला होता तर मग वाकडा कशानं झाला?"

वन्सं लसूण सोलत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"गोधडीनं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं व्हतं गुडघ्याखाली काय घ्यायचं न्हाय. तुझ्या म्होरंच सांगितलं, तू फोनात व्हतास. पर मी व्हते ना ऐकाय."

छबूबाईंचा हात थांबला.

"म्हंजे मी केलं हे."

"न्हाय वन्सं. तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं तर तोंड नव्हतं तुला? सवाशे कोसावरनं आल्यासारखी मी आले, तुझं हागणं-मुतणं काढलं, आन् तू धा दिस माझ्याच हातनं पाय वाकडा करून घेतलास?"

"दुखत व्हतं. तुमी ठिवली की बरं वाटायचं."

"बरं वाटायचं!" त्या उठल्या. मांडीवरची टरफलं खाली सांडली. आत गेल्या आणि पिशवीची चेन वाजल्याचा आवाज आला. अविराज माझ्याकडं रागानं बघत होता, पण राग कुणावर काढावा ते त्याला कळत नव्हतं. सोनम खाली बसून टरफलं गोळा करायला लागली.

मला वाटलं, सकाळच्या एसटीनं जाणार.

सकाळी साडेसहाला सोनम डबा भरत होती तेव्हा वन्संचा आवाज आला. "त्या पोरीनं लिवून दिलेला कागद हाय ना? वाच त्यो." सोनमनं उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वन्संनी मधे दोनदा थांबवलं. "दर तासाला? व्हय? आन् दाबायचं कुठं, वाटीवर का वाटीच्या वर?"

सोनम गाडीला गेली. वन्सं माझ्यापाशी आल्या, गोधडी ओढून काढली, विटेला टॉवेल गुंडाळला आणि टाचेखाली ठेवला. वाटीच्या वर मांडीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबलं.

"आई गं!"

"वरड. शेजारी ऐकू जाऊ दे. एक... दोन..."

त्यांचं मोजणं कागदातल्यासारखं नव्हतं. पाचापर्यंत येईस्तोवर माझ्या कपाळावर घाम आला.

"वन्सं, तुमचं धा लई लांब हाय."

"मग तू मोज. पर खाडा झाला तर परत एकपासनं."

त्या दिवशी त्या माझ्याशी याच्यापलीकडं काही बोलल्या नाहीत.

सोमवारी गेणूतात्यांना नेलं नाही. अविराज, मी आणि वन्सं असे तिघंच गेलो. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, मोनाशी खोटं बोलले तेही. त्यांनी फोटो काढून बघितला. सांधा जागच्या जागी होता. पाय दाबून बघितला तेव्हा मी दातावर दात धरले.

"मागची बाजू परत आखडायला लागलीय. पण अजून कच्ची आहे," ते म्हणाले. "आणखी दोन महिन्यांनी आला असतात तर मला फार काही करता आलं नसतं. आता चार आठवडे आहेत. सगळं परत येईल असं वचन मी देत नाही."

छबूबाईंनी पदर सारखा केला. "डॉक्टर, बारा नंबर घातला असता तर?"

"तर आत्ता आहे त्याहून जास्त वाकडा असता."

"मग त्या कुशाबाईला कसा चालतोय?"

"त्यांचं हाड वेगळं, त्यांच्या हाडांमधली जागा वेगळी. सरळ होईल तो आपला नंबर."

"हं," वन्सं म्हणाल्या. बाहेर आल्यावर अविराजला म्हणाल्या, "माणूस बरा हाय. तू उगं मानसं घिऊन चालला व्हतास."

पुढचे अडीच आठवडे त्या राहिल्या. दर तासाला वीट, दर तासाला दाबणं. मी कधी झोपेचं सोंग घेतलं तर पायाचा अंगठा ओढायच्या. भाकरीला नावं ठेवणं परत सुरू झालं, आता सोनमच्या. पंधराचे अकरा झाले, अकराचे आठ झाले. मग लोणीहून त्यांच्या मुलाचा फोन आला, कांदा काढायला आलाय म्हणून. जाताना त्यांनी विटेकडं बोट दाखवलं आणि अविराजला सांगितलं, "हिच्या तोंडाकडं बघून सोडू नगंस." माझा निरोप घेतला नाही.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी मोनानं माप लावलं. तीन अंश. डॉक्टरांनी मला भिंतीला टेकून उभं केलं, मग भिंत सोडायला लावली आणि घड्याळ बघत बसले. म्हणाले, हे तीन अंश कदाचित जातील, कदाचित राहतील, पण मांडी आता तुम्हाला धरील.

पुढच्या आठवड्यात मी बागेत गेले. पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत उभी राहिले, दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत. एका ओळीतली सात झाडं माझ्या हातची झाली. दुपारी बांधावर बसून मी अविराजला म्हटलं, आत्याला फोन लाव. पलीकडं बायकांचा कालवा होता, कुणीतरी गोणी उचला म्हणून ओरडत होतं.

"किती?" छबूबाईंनी विचारलं. कोण बोलतंय, कशी आहेस, काही नाही.

"तीन ऱ्हायलं, वन्सं."

"तीन कशाला ठिवलं?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.